माशांची जुनी ३ फुटी काचेची टाकी, कोपऱ्यातून पाझरते

राजारामपुरीत जुनी टाकी मिळाली, ३६×१२×१८ इंच. खालच्या कोपऱ्यातून पाणी झिरपतं, काचेवर पांढरे डाग आहेत. गळतीच्या जागी सिलिकॉन लावलं तर चालेल का?

— नाही चालणार. नवं सिलिकॉन जुन्यावर धरत नाही, ठिगळाच्या कडेनं पाणी परत वाट काढतं. आतल्या चारही कोपऱ्यांची आणि तळाची सिलिकॉनची पट्टी ब्लेडनं पूर्ण खरवडा, ॲसिटोननं पुसा आणि मग नवं सिलिकॉन लावा. काचांच्या मधल्या सांध्याला ब्लेड लावू नका, टाकी त्याच्यावरच उभी असते. त्या सांध्यातच बुडबुडे किंवा फट दिसली तर मात्र टाकी सुटी करून नव्यानं जोडावी लागेल. बुरशीरोधक लिहिलेलं बाथरूमचं सिलिकॉन अजिबात नको, माशांना विषारी ठरतं.

— डाग बोअरच्या क्षारांचे असणार. व्हिनेगरमध्ये भिजवलेला कपडा अर्धा तास चिकटवून ठेवा, पण हे सिलिकॉनच्या आधी उरका.

— सिलिकॉन किमान ७२ तास सुकू द्या, थंड, कोरड्या हवेत आणखी थांबा. मग खाली थर्माकोल घालून टप्प्याटप्प्यानं भरा. काठोकाठ १२७ लिटर बसतं, म्हणजे स्टँडवर दीडशे किलोच्या आसपास वजन येणार.