विषय: रिअल इस्टेटचं एमबीए करून पुण्यात परतायचं असेल तर

प्रेषक: सभासद, न्यू जर्सी

नमस्कार मंडळी,
भाची पुण्यात बी.आर्क. झाली, सध्या नोकरी करते. इथे येऊन दोन वर्षांचं एमबीए, त्यात रिअल इस्टेटवर भर, आणि मग पुण्यातच परत, असा तिचा बेत आहे. इथे वर्गात शिकवतात ते तिकडे वाघोली-मांजरीच्या जमिनीला लागू पडतं का? विषय निवडताना काय बघावं? जाणकारांनी जरूर लिहावं.

---

प्रेषक: सभासद, शिकागो

ताई, आधी पदवीचा प्रकार ठरवा. व्हार्टनला एमबीएत रिअल इस्टेट हा मेजर घेता येतो, विस्कॉन्सिनच्या बिझनेस स्कूलमध्ये ग्रास्कॅम्प सेंटर हे रिअल इस्टेटचं केंद्र आहे. एमआयटी आणि कॉर्नेलची मात्र रिअल इस्टेटची स्वतंत्र मास्टर्स आहे. एमबीएत या विषयाचे मोजकेच कोर्स मिळतात, पण फायनान्सचा पाया पक्का होतो. बी.आर्क. झालेल्या मुलीला नेमका तोच कमी असतो, म्हणून माझा कौल एमबीएला.

प्रवेश स्वीकारण्याआधी आय-२०वर (विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेज देतं तो फॉर्म) कोणता सीआयपी कोड, म्हणजे अभ्यासक्रमाचा वर्गीकरण क्रमांक, छापला जाणार ते कॉलेजला लेखी विचारा. आजच्या नियमाने ओपीटी, म्हणजे पदवीनंतर अमेरिकेत काम करायची परवानगी, १२ महिन्यांची. कोड स्टेमच्या (विज्ञान, तंत्रज्ञान, गणित वगैरे) यादीतला असेल तर आणखी २४ महिने. एकाच विद्यापीठाच्या दोन पदव्यांचे कोड वेगळे असू शकतात.

विषयांत रिअल इस्टेट फायनान्स, डेव्हलपमेंट आणि आरईआयटी (भाड्याच्या मालमत्ता बाळगणारे गुंतवणूक ट्रस्ट) हे तीन सोडू नयेत. १०३१ एक्स्चेंज किंवा लो-इन्कम हाउसिंग टॅक्स क्रेडिटवर अख्खं सत्र घालवू नये. दोन्ही अमेरिकन करकायद्याची अपत्यं, पुण्यात त्यांचा उपयोग नाही. आर्गस हे मूल्यांकनाचं सॉफ्टवेअर शिकून घ्यावं, पण त्याआधी तेच भाडेकरूवार कॅश फ्लो एक्सेलमध्ये हाताने बांधता आले पाहिजेत. आर्गस उत्तर देतं, पण चुकीचं गृहीतक त्यात कुठे घुसलं ते दाखवत नाही.

---

प्रेषक: सभासद, कोथरूड (पूर्वी मंडळाचे कोषाध्यक्ष)

वरच्या पत्राशी सहमत. पुण्याच्या बाजूने लिहितो.

सूत्रं तीच राहतात, आकडे भरताना घोळ होतो. अमेरिकेत ऑफिसचं भाडं बहुतेक ठिकाणी चौरस फुटाला वर्षाचं सांगतात. खराडीत, बाणेरला महिन्याचं सांगतात, तेही चार्जेबल एरियावर, म्हणजे सामायिक जागेचा वाटा धरून. समजा चार्जेबल १०,००० चौरस फूट आणि भाडं ८० रुपये. वर्षाचे ९६ लाख झाले. मालकाचा खर्च तूर्त बाजूला ठेवून ८ टक्के कॅप रेट (वर्षाचं भाडं भागिले किंमत) लावला तर किंमत १२ कोटी. कार्पेट, म्हणजे आतली प्रत्यक्ष वापराची जागा, ७,००० भरतं म्हणून कोणी ८० रुपये कार्पेटला लावले, की तीच जागा ८ कोटी ४० लाखांची दिसते. भाडेवाढीचंही तसंच. इथे दर तीन वर्षांनी १५ टक्के हा जुना रिवाज आहे. मॉडेलमध्ये दरसाल ५ टक्के टाकले तर चौथ्या वर्षी आकडा जवळपास जुळतो, पण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी न येणारं भाडं आलेलं दिसतं: ८० ऐवजी ८४ आणि ८८.२०.

खरा सराव हवा असेल तर आरईआयटींचे मूल्यांकन अहवाल वाचायला सांगा. एम्बसीकडे हिंजवडीतलं टेकझोन आहे, माइंडस्पेसकडे येरवड्याचं कॉमरझोन, नेक्ससकडे औंधचा वेस्टएंड मॉल. अहवाल सर्वांना खुले आहेत. मालमत्तेचं क्षेत्रफळ, चालू भाडं, बाजारभाडं, कॅप रेट, सगळी गृहीतकं त्यात मिळतात. एक मालमत्ता निवडावी, पान झाकून स्वतःचं मॉडेल करावं आणि मग ताडून बघावं. पुण्याचं ऑफिस मार्केट समजायला याहून चांगला अभ्यास मला ठाऊक नाही.

पण निवासी प्रकल्पात पुण्याचा बिल्डर नफा कमावतो किंवा घालवतो तो जमिनीत, आणि हे अमेरिकेतल्या वर्गात येणार नाही. तिथे टायटल इन्शुरन्स (मालकीहक्काचा विमा) घेऊन पुढे जातात, इथे सातबारा उलगडावा लागतो. नमुना सातवर भोगवटादार वर्ग १ आहे की २ ते आधी बघायचं. वर्ग २ (हस्तांतरणावर बंधन असलेली जमीन) असेल तर परवानगी आणि नजराणा, म्हणजे सरकारला भरायची रक्कम, आला, म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही. मग ‘इतर हक्क’ हा रकाना. कुळाचं नाव, शेतीकर्ज देणाऱ्या सोसायटीचा बोजा, ‘कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र’ असा शेरा, पुनर्वसनाचा शेरा, सगळं तिथे सापडतं. त्यानंतर प्रत्येक फेरफार (हक्कातल्या बदलाची नोंद) क्रमांक उलट्या क्रमाने मागे न्यायचा. वारसनोंदीच्या फेरफारात बहिणींची नावं गळाली आहेत का ते खास तपासावं. नोंदणी न केलेल्या हक्कसोडपत्रावर विसंबून केलेला विकसन करारनामा पुढे कोर्टात अडकतो.

हे वकिलाचं काम, एमबीएवालीने कशाला करायचं, असं वाटेल. कारण आयआरआर, म्हणजे वेळ धरून निघणारा वार्षिक परतावा, ठरतो तो इथे. १०० रुपयांचे २०० चार वर्षांत झाले तर परतावा १८.९ टक्के, तेच सहा वर्षांत झाले तर १२.२. विक्रीचा दर एक रुपयाने न बदलता एका आत्याच्या दाव्याने प्रकल्प कामातून जातो. त्यात बँका बिल्डरला जमीन घ्यायला कर्ज देत नाहीत. तो पैसा एनबीएफसी (बँकेतर वित्तसंस्था) किंवा फंडाकडून येतो, महाग येतो, आणि उशीर झाला की व्याज चढत जातं. जमीनमालकाशी वाटा ठरवून विकसन करण्याची पुण्यातली पद्धत पुष्कळशी यामुळेच टिकून आहे. मगरपट्टा सिटी हे त्याच्याही पुढचं उदाहरण: सुमारे ४०० एकर, शेतकऱ्यांनी जमीन न विकता कंपनी काढली आणि भागधारक झाले. टर्म पेपरसाठी भाचीने हाच विषय घ्यावा.

क्षेत्रफळाकडे बारीक लक्ष द्यावं. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं, बोलताना सगळे गुंठे म्हणतात. आर १०० चौरस मीटरचा, गुंठा १०१.१७ चा. ४ हेक्टरला ‘४०० गुंठे, १० एकर’ म्हटलं की ४६९ चौरस मीटर जमीन कागदावरच वाढते. मूळ एफएसआय (जमिनीच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा) १.१ धरला तरी साडेपाच हजार चौरस फूट बांधकाम हवेत. सातबारा आणि मोजणीची ‘क’ प्रत यांत फरक असेल तर कमी आकडा धरायचा.

एफएसआयही एकच आकडा नसतो. डिसेंबर २०२० च्या एकत्रित नियमावलीत प्रीमियम (पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) आणि टीडीआर (दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकामाचा हक्क) रस्त्याच्या रुंदीप्रमाणे वाढतात, ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर मिळतच नाहीत. म्हणून डीपी रोड (विकास आराखड्यातला रस्ता) नकाशावर आहे की जागेवर, हे पायी जाऊन बघावं.

---

प्रेषक: सभासद, न्यू जर्सी

काका, फार उपयोगी माहिती दिलीत. पण इथे बसून तिला पुण्याचे खरे व्यवहार आणि भाडी कुठून मिळणार? पोर्टलवर तर सगळे मालकांनी मागितलेले आकडे.

---

प्रेषक: सभासद, कोथरूड

नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर मोफत ई-सर्च आहे. वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि सर्व्हे किंवा मिळकत क्रमांक टाकला की इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा, दिसतो. आपल्याकडे लिव्ह अँड लायसन्स करारही नोंदवावाच लागतो (भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५), त्यामुळे विक्रीबरोबर भाडं, अनामत आणि मुदतही मिळते. तुलना करण्याआधी नोंदीतलं क्षेत्रफळ चौरस फूट की मीटर, कार्पेट की बिल्टअप (भिंती धरून), हे एकसारखं करून घ्यायचं. रेडी रेकनरचा दर बाजारभाव म्हणून वापरू नये, तो मुद्रांक शुल्कासाठीचा दर आहे.

निवासी प्रकल्पासाठी महारेराचं (राज्याचं गृहप्रकल्प नियामक प्राधिकरण) पान उघडावं: मंजूर नकाशे, विकलेल्या सदनिका, दर तिमाहीची प्रगती. कॅश फ्लो करताना ग्राहकांकडून आलेल्या रकमेचे ७० टक्के वेगळ्या खात्यात जातात आणि काम झालं त्या प्रमाणातच, आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए यांच्या दाखल्यांवर निघतात, हे मॉडेलमध्ये बसवायला हवं. करारनामा नोंदवण्याआधी १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. पहिल्या तिमाहीत ३० टक्के जमा दाखवलेली मॉडेलं इथेच कोसळतात.

सुट्टीत पुण्याला येईल तेव्हा सर्व्हे नंबर घेऊनच यावं, आल्यावर शोधत बसण्यात दिवस जातात. डिजिटल सहीचा सातबारा तिकडूनही काढता येतो, जुने फेरफार मात्र कधी कधी तहसील कार्यालयातूनच नकला मागून घ्यावे लागतात.