पाचटावर युरिया: कूज वाढते की अडते?

उसाची_सरी
पाचट, म्हणजे तोडणीनंतर रानात राहणारा उसाचा वाळला पाला, जाळणं मी तीन वर्षांपूर्वी सोडलं. टनभर पाचटाला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो कुजवणारं जिवाणू खत, ही शिफारस मला मान्य आहे. पण आमच्या शिवारात "लवकर कुजू दे" म्हणून पाचटावर पोत्यानं युरिया फेकतात, खोडव्याचे (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या पिकाचे) खताचे पुढचे हप्तेही वरूनच टाकतात. हे चुकतंय असं माझं ठाम मत आहे. पानाचा मऊ भाग जिवाणू खातात, त्यांना नत्र हवंच. पण शिरांमधलं, देठातलं लिग्निन नावाचं चिवट द्रव्य फोडतात त्या पांढऱ्या बुरशा. त्यातल्या बऱ्याच जणी लिग्निन फोडणारं विकर (एन्झाइम) सोडतात ते नत्राची टंचाई असताना. नत्र भरपूर झालं की हात आखडता घेतात. म्हणून पाचट दोन महिन्यांत काळं पडतं आणि पुढे तसंच राहतं.

काळं_रान
दादा, पटलं नाही. पाचटात एका भाग नत्राला शंभरएक भाग कर्ब असतो. युरिया कमी पडला तर जिवाणू जमिनीतलं नत्र ओढतात आणि खोडवा पिवळा पडतो. माझ्या रानात एका वर्षी हात राखून टाकला, फुटवे कमी निघाले. बुरशीसाठी ऊस उपाशी ठेवायचा का?

मातीवाली
दोघांचंही अर्धं खरं आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या हार्वर्ड फॉरेस्टमध्ये 1988 पासून जंगलाच्या जमिनीवर हेक्टरी 50 आणि 150 किलो नत्र दरवर्षी टाकत आले. तिथं बुरशी घटली, पालापाचोळ्याचा थर साठत गेला. 2005 मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब झाला. लिग्निन कमी असलेला पाला जादा नत्रानं लवकर कुजला, लिग्निन जास्त असलेला मंदावला. आपल्या खोडव्याची शिफारसच हेक्टरी 250 किलो नत्राची आहे, हे लक्षात घ्या.

काळं_रान
ताई, ते जंगल आहे. तिथली माती आधीच आंबट, नत्रानं आणखी आंबट होते. आमची चुनखडीची, सामू (पीएच) 8 च्या वर. शिवाय पाचट हळू कुजलं तर वाईट काय? सेंद्रिय कर्ब वाढावा म्हणूनच तर ते ठेवतो ना?

मातीवाली
सामूचा मुद्दा रास्त आहे, मान्य. पण कूज अडली की त्या पाल्यातलं अन्नही अडकून पडतं. आणि चुनखडीच्या रानात दुसरंच नुकसान होतं: पाचटावर पडलेल्या युरियाचा अमोनिया होऊन उडतो. तो नाहीसा होत नाही, वाऱ्यानं जातो आणि पावसाबरोबर कुठेतरी खाली येतो, जिथं कुणी खत मागितलेलं नाही अशा माळावर आणि जंगलातसुद्धा. मला शेताइतकीच त्या जमिनीची काळजी वाटते.

उसाची_सरी
म्हणूनच पहार! खोडव्याला खत बुडख्यापासून वीतभर लांब, पहारीनं पाडलेल्या वीतभर खोल भोकात द्यायचं, हे आपल्याकडे कधीपासून सांगतात. पाचटाला सुरुवातीचा 8 किलोचा हिशेब, बाकी सगळं नत्र पाचटाखाली, मुळाशी. ऊस उपाशी राहत नाही, वर बुरशीला तिचं काम करता येतं.

काळं_रान
पहारीला माणसं आणा. युरिया फेकायला मी एकटा पुरतो, पहारीला सहा जण लागतात आणि तोडणीच्या हंगामात दोनही मिळत नाहीत. तुमचं म्हणणं डोक्याला पटतंय, पण माझं रान चार एकराचं आहे.

उसाची_सरी
मग चारही एकर नको. पाच सऱ्या पहारीनं द्या, पाच तुमच्या पद्धतीनं. भरणीच्या, म्हणजे उसाच्या बुडाला माती चढवायच्या वेळी दोन्हीकडचं पाचट हातात घेऊन चुरगाळा. मीही यंदा तसंच करतोय, दोघांचे फोटो इथंच टाकू.

काळं_रान
पाच सऱ्या जमतील. मात्र फुटवेसुद्धा मोजायचे, नुसतं पाचट नाही.