कोलायटिस शांत आहे, पळायला लागलोय. सोबत व्हिटॅमिन सी-ई घेऊ का?

पाऊलवाट
अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणि जखमा) होऊन चार वर्षं झाली. मेसालामाइन या सूज आटोक्यात ठेवणाऱ्या औषधावर दीड वर्ष सगळं शांत आहे, म्हणून दोन महिन्यांपूर्वी पळायला लागलो. सोबत पळणाऱ्या एकाने व्हिटॅमिन सी 1000 आणि ई 400 च्या बाटल्या हातात ठेवल्या. त्याचं म्हणणं, आतड्याची सूज म्हणजे ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस (ऑक्सिजनच्या जहाल रूपांनी पेशींवर येणारा ताण), पळण्यानेही तोच वाढतो, मग अँटिऑक्सिडंट नको का? ऐकायला पटलं. त्यात रविवारी 12 किलोमीटर केले आणि शेवटचे दोन पोट धरून चालत आलो. घरी आल्या आल्या दोनदा जावं लागलं. रक्त नव्हतं. आता पळणं थांबवू की गोळ्या सुरू करू?

उंबरठा
माझ्या भावाला क्रोन्स आहे, आतड्याच्या सुजेचाच दुसरा आजार, म्हणून मीही यावर बरंच वाचत असते. परिचारिकांवरचा एक मोठा अमेरिकन अभ्यास 2013 मध्ये आला होता. भरपूर हालचाल करणाऱ्या बायकांमध्ये क्रोन्स कमी दिसला, पण कोलायटिसच्या बाबतीत तसा फरक सापडला नाही. म्हणजे आजार होऊ नये म्हणून व्यायाम हे एक, आणि झाल्यावर व्यायाम हे दुसरं. तुमचा प्रश्न दुसऱ्यातला आहे, त्यामुळे तिथे मी गप्प.

जुनी_ओळख
अकरा वर्षं झाली, डाव्या बाजूचा कोलायटिस. याच दोन गोळ्या मी दोन वर्षं इमानेइतबारे खाल्ल्यात, म्हणून लिहितो.

तुमच्या मित्राचं निम्मं बरोबर आहे. सुजलेल्या अस्तरात न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी गोळा होतात आणि ऑक्सिजनची जहाल रूपं सोडतात, त्याने अस्तर आणखी सोलवटतं. व्यायामात स्नायूही तीच रूपं तयार करतात, पण थोडी आणि थोडा वेळ. तेवढ्यावरून पेशी सावध होते आणि बचावाची स्वतःची एन्झाइम वाढवते, सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटालेज वगैरे. मोठ्या डोसची गोळी हा इशाराच पुसून टाकू शकते. जर्मनीत 2009 मध्ये निरोगी तरुणांना चार आठवडे व्यायाम करायला लावून निम्म्यांना रोज सी 1000 मिलिग्रॅम आणि ई 400 युनिट दिलं (तुमच्याच बाटल्या की हो!). व्यायामाने इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारतो, तो गोळ्या न घेणाऱ्यांचा सुधारला, घेणाऱ्यांचा नाही. हा आतड्यावरचा प्रयोग नव्हता, मान्य. क्रोन्सच्या पेशंटवरचा 2003 चा आहे: सी आणि ई चार आठवडे दिल्यावर ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसची मापं उतरली, आजार मात्र होता तसाच राहिला. अर्थात त्या लोकांचा आजार आधीच बऱ्यापैकी शांत होता.

आता तुमचा रविवार. जोरात पळताना रक्त पायांकडे वळतं, आतड्याचा पुरवठा घटतो, अस्तर थोडं गळकं होतं. कोलायटिस नसलेले लोकही असे मध्येच झाडी शोधतात. उंदरांवरच्या प्रयोगातली एक गोष्ट मी विसरत नाही: चाकावर मर्जीने पळणाऱ्यांचा कोलायटिस सौम्य राहिला, ट्रेडमिलवर बळजबरीने पळवलेल्यांचा चिघळला.

माझी स्वतःची चूक वेगळीच होती. पळून गुडघा धरला, म्हणून पाच दिवस आयबुप्रोफेन ही पेनकिलर घेतली. दहाव्या दिवशी रक्त. कॅलप्रोटेक्टिन (शौचाच्या नमुन्यातून आतड्याची सूज मोजणारी तपासणी) 640. दोष मी पळण्याला दिला आणि आठ महिने बूट कपाटात! गोळीचं मी डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं, त्यांनी खोदून विचारलं तेव्हा निघालं. तुम्ही काही पेनकिलर घेतली होती का?

पाऊलवाट
पेनकिलर नाही. पण त्या दिवशी पहिल्यांदाच एनर्जी जेल घेतलं. दोन पाकिटं, पाणी जेमतेम दोन घोट.

जुनी_ओळख
अहो, हे आधी सांगायचं! इतकी दाट साखर पाण्याशिवाय गेली की ती आतड्यात पाणी ओढते. कळ आणि पातळ शौच, दोन्ही तिथूनच येऊ शकतात. तरी अंदाजावर राहू नका. चार-पाच दिवस जरा हलकं ठेवा, मग कॅलप्रोटेक्टिन करा. लगेच केलंत तर लांब पळण्यानेच आकडा थोडा वर दिसू शकतो. 50 च्या आत आलं तर निवांत, 250 च्या वर गेलं तर पळणं बाजूला ठेवून आधी डॉक्टर. रक्त दिसलं किंवा रात्री शौचाला उठावं लागलं तर तपासणीचीही वाट बघू नका. आणि मेसालामाइन चुकवायची नाही, बरं वाटत असलं तरी.

उंबरठा
सी-ईच्या बाटल्यांचं काय मग?

जुनी_ओळख
रक्ततपासणीत कमतरता निघाली तर डॉक्टर देतील तेवढं घ्यावं. नाहीतर मित्राला परत.

पाऊलवाट
एक बाटली फोडलीय, तीन गोळ्या गेल्यात. बाकी परत. तपासणीची डबी शुक्रवारी देतो. तोवर रोज 40 मिनिटं चालणं, बोलता येईल इतक्याच वेगाने.