जुन्या टाटा-मर्सिडीज ट्रकला नवे डिझेल इंजिन : कोणते बसवावे?

शिरोली_फौंड्री

सर्वांना नमस्कार. वडिलांनी घेतलेला टाटा-मर्सिडीज-बेंझ एल-३१२ हा लांब बॉनेटचा ट्रक आमच्याकडे आजही कामात आहे. कोल्हापूरजवळच्या शिरोलीतील फौंड्रीतील कास्टिंग शहरातील उद्यमनगरच्या मशीन शॉपमध्ये पोहोचवणे आणि हंगामात गुळाचे रवे मार्केट यार्डात नेणे हे त्याचे नेहमीचे काम. अधूनमधून गगनबावड्याहून करूळ घाटाने कोकणात खेप होते. मूळचे सहा सिलिंडरचे, ४.६ लिटरचे ओएम-३१२ इंजिन आता ब्रीदरमधून (इंजिनातील वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर टाकते, ऑइल खाते, आणि सिलिंडर हेडला दोन व्हॉल्व्हच्या मध्ये तडा गेला आहे. चेसिस, गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियल मात्र सुस्थितीत आहेत.

हा ट्रक मला प्रदर्शनासाठी नको, कामासाठीच हवा आहे. कमिन्सचे ५.९ लिटरचे टर्बो इंजिन आणि टाटाचे ६९७ असे दोन पर्याय समोर आहेत. एका परिचितांचा आग्रह मात्र बीएस-६ (सध्याच्या प्रदूषण मानकाच्या) गाडीतील कॉमन रेल इंजिनाचा, म्हणजे एकाच उच्चदाब नळीतून सर्व इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या संगणक-नियंत्रित इंजिनाचा आहे. यांपैकी काय निवडावे, आणि मागच्या भागांवर त्याचा काय परिणाम होईल?

नोझल_पंप

बीएस-६ चा विचार सोडून द्यावा, असे मी स्पष्टपणे सांगेन. ते इंजिन एकटे चालत नाही. कॉमन रेलमधील दाब, इंजेक्टर किती क्षण उघडा ठेवायचा, टर्बो किती फिरवायचा, हे सारे ईसीयू (इंजिनाचा संगणक) ठरवतो, आणि तो ईसीयू मीटर, अॅक्सिलरेटर पेडल, सायलेन्सरमधील काजळीचा फिल्टर व युरियाची टाकी या सर्वांकडून सतत माहिती घेत असतो. यातले काही गाडीत नसले, तर ईसीयू दोष नोंदवून ताकद कमी करतो. म्हणजे आपल्याला इंजिनाबरोबर जवळजवळ अख्ख्या गाडीचे वायरिंग आणावे लागेल, आणि पुढे एखादा सेन्सर बिघडला की घाटात उभे राहावे लागेल.

कमिन्सचे जुने यांत्रिक पंपाचे इंजिन यापेक्षा फार सोपे आहे. १०२ मिलिमीटर बोअर, १२० मिलिमीटर स्ट्रोक, कॅमशाफ्ट गिअरवर, आणि चालू राहण्यासाठी पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडपलीकडे (डिझेल बंद करणाऱ्या विजेच्या झडपेपलीकडे) विजेची फारशी गरज नाही. तरीही माझे मत ६९७ च्या बाजूने आहे. ९७ बोअर आणि १२८ स्ट्रोकचे हे ५.७ लिटरचे इंजिन मर्सिडीजच्या ओएम-३५२ वरून आलेले असून, ओएम-३५२ हे आपल्या ओएम-३१२ च्याच घराण्यातील पुढचे इंजिन आहे. १९५४ मध्ये टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि डायम्लर-बेंझ यांचा करार झाला नसता, तर यांपैकी एकही इंजिन आपल्याकडे बनले नसते.

ओएम-३१२ आणि ६९७ यांतील खरा फरक ज्वलनाचा आहे. ओएम-३१२ मध्ये डिझेल आधी लहान प्री-चेंबरमध्ये पेटते आणि जळते वायू अरुंद छिद्रांतून सिलिंडरमध्ये येतात. त्यात उष्णता भिंतींत जाते, डिझेल जास्त लागते, आणि थंडीत ग्लो प्लगशिवाय (चेंबर तापवणाऱ्या विजेच्या कांडीशिवाय) इंजिन उठत नाही. ६९७ मध्ये डिझेल थेट पिस्टनवरच्या वाटीत फवारले जाते. आपल्याला नव्या इंजिनाकडून जे हवे आहे, त्यातील बरेचसे इथेच मिळते, आणि त्याचे लायनर, पिस्टन, नोझल आजही सहज मिळतात.

घाटमाथा

वरील मताशी मी सहमत आहे. पण इंजिन निवडताना नजर मागच्या चाकांपासून पुढे आणावी, अशी माझी विनंती आहे. आपले मूळ इंजिन मिनिटाला साधारण २८०० फेऱ्यांपर्यंत जाते आणि ६९७ ही त्याच पट्ट्यात चालते. कमिन्सचा गव्हर्नर (फेऱ्यांवर मर्यादा घालणारा भाग) मात्र इंजिनाला २५०० च्या आसपास थांबवतो. डिफरेन्शियलचे प्रमाण ६.५ आणि टायरचा एका फेरीतला प्रवास ३.२ मीटर धरला, तर टॉप गिअरमध्ये २८०० फेऱ्यांना ताशी सुमारे ८३ किलोमीटर येतात आणि २५०० ला ७४. प्रत्यक्ष दातांची संख्या आपण स्वतः मोजावी, पण हिशोब असाच करावा.

टर्बोचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) हा दुसरा मुद्दा. जुना क्लच, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस आणि क्राउन-पिनियन हे सुमारे १०० अश्वशक्तीच्या इंजिनासाठी घडवलेले आहेत. कास्टिंग भरलेला ट्रक चढावर पहिल्या गिअरमध्ये उचलताना टर्बोने जोर धरला, तर सर्वात कमकुवत दात आधी तुटेल.

आणि ब्रेक. चढताना ताकद कमी पडली तर ट्रक फक्त हळू चालतो, उतरताना मात्र ड्रम जितके सहन करतील तेवढाच वेग सुरक्षित असतो. नव्या इंजिनामुळे चालक घाटमाथ्यावर लवकर पोहोचेल, पण करूळच्या उतारावर ड्रम तेच जुने असतील. म्हणून ब्रेकची पूर्ण दुरुस्ती आणि एक्झॉस्ट ब्रेक (धुराचा मार्ग अडवून इंजिनानेच वेग रोखणारा ब्रेक) हा खर्च इंजिनाच्याच खर्चात धरावा. तो नंतर पाहू, असे म्हणू नये.

बोअरिंग_उद्यमनगर

मूळ इंजिन टिकवण्याचा पर्याय आपण विचारात घेतलेला दिसत नाही, म्हणून लिहितो. लायनर बदलणे, क्रँक ग्राइंड करून अंडरसाइज बेअरिंग घालणे, हेडचा तडा गरम वेल्डिंगने किंवा पिना ठोकून बुजवणे ही कामे आपल्याच गावात उत्तम होतात. ज्या शहराने स्वतःची ऑइल इंजिने ओतली, त्या शहरात चालू चेसिसमधून मूळ इंजिन काढून टाकावे, याचे मला मनापासून वाईट वाटते. डिझेल थोडे जास्त लागेल, हे मान्य. पण आपल्या खेपा जवळच्या आहेत.

इंजिन बदलायचेच ठरले, तर अॅडाप्टर प्लेटची (नवे इंजिन जुन्या गिअरबॉक्सला जोडणाऱ्या प्लेटची) घाई करू नये. फ्लायव्हीलचे केंद्र आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे केंद्र एका रेषेत आहे की नाही, हे डायल गेजने तपासूनच डॉवेल पिना बसवाव्यात. त्यात फरक राहिला की क्लच प्लेटचा मधला भाग आणि पायलट बेअरिंग वारंवार जाते, आणि दोष मात्र इंजिनाला दिला जातो.

परवाना_नोंदणी

इंजिन विकत घेण्याआधी कागद पाहावेत. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका कठोरपणे मांडली आहे. त्याच कलमात ताफ्याच्या मालकांना इंजिन बदलण्याची जी सवलत आहे, तीही ‘त्याच बनावटीच्या व त्याच प्रकारच्या’ इंजिनापुरतीच आहे. त्यामुळे कमिन्सचा मार्ग अधिक अवघड आहे. ६९७ टाटाचेच असले, तरी ते ‘त्याच प्रकारचे’ आहे असे गृहीत धरू नये. परिवहन कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि उत्तर हाती आल्यावरच पैसे द्यावेत. नोंद नसलेल्या इंजिनावर अपघात झाला, तर विम्याचा दावा वादात अडकतो.

विंटेज नोंदणीची आशा इथे ठेवू नये. २०२१ च्या नियमांनुसार ती पन्नास वर्षांवरील, व्यावसायिक वापरात नसलेल्या आणि चेसिस, बॉडी व इंजिन मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी आहे.

शिरोली_फौंड्री

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कमिन्स आणि कॉमन रेल हे दोन्ही विचार मी सोडले आहेत. ६९७ साठी लेखी अर्ज देतो आणि उत्तर येईपर्यंत ब्रेकचे काम पूर्ण करून घेतो, कारण ते दोन्ही परिस्थितींत लागणारच आहे. परवानगी नाकारली गेली, तर हेड उतरवून उद्यमनगरात आणतो. बोअरिंगवाल्यांना एक विचारायचे आहे : व्हॉल्व्ह सीटपर्यंत पोहोचलेला तडा पिना ठोकून टिकतो का, की तिथे सीटची रिंग बदलून गरम वेल्डिंगच करावे लागते?

बोअरिंग_उद्यमनगर

सीटपर्यंत गेला असेल, तर नुसत्या पिना टिकणार नाहीत. हेड भट्टीत सावकाश तापवून वेल्डिंग, तितक्याच सावकाश थंड करणे, मग पृष्ठभाग घासून नवी सीट रिंग आणि शेवटी पाण्याच्या दाबाची चाचणी, असा क्रम ठेवावा. तडा प्री-चेंबरच्या बाजूला वळला आहे का, तेही हेड साफ केल्यावर डाय पेनिट्रंट (तडा दाखवणारा रंगद्रव) लावून पाहावे. तसे असेल, तर वेल्डिंगवर पैसे घालण्यापूर्वी दुसरे हेड शोधावे.