शब्दचर्चा : ‘माघारीची मुदत’ आणि ‘युद्धनिधी रोखणे’

प्रश्न

राज्यशास्त्राच्या पदवी वर्गासाठी मी मराठीत एक टिपण लिहीत आहे. अमेरिकेची काँग्रेस आणि अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्यात 2007 साली इराक युद्धाच्या खर्चावरून जो वाद झाला, तो त्याचा विषय आहे. त्यातल्या एका वाक्यापाशी मी दोन दिवस अडले आहे : ‘काँग्रेसने युद्धनिधी रोखून माघारीची मुदत घातली.’ वाचताना हे वाक्य कुठेही खटकत नाही; परंतु त्या खर्चाच्या विधेयकाशी ताडून पाहू लागले की त्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द थोडाथोडा खोटा वाटू लागतो. ‘माघार’, ‘मुदत’ आणि ‘रोखणे’ यांना अधिक नेमके पर्याय आहेत का, हे जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद

आपली शंका रास्त आहे. ‘रोखणे’ या शब्दापासून सुरुवात करतो, कारण तो नुसता अनेमका नाही, तो चूकच आहे. बुश यांनी मागितले होते सुमारे 103 अब्ज डॉलर, आणि काँग्रेसने एप्रिल 2007 मध्ये संमत केलेल्या विधेयकात तरतूद होती सुमारे 124 अब्जांची. म्हणजे मागितल्यापेक्षा जास्तच दिले, फक्त देताना सैन्य परत आणण्याच्या तारखा त्याच कागदावर लिहिल्या. ते विधेयक प्रतिनिधिगृहात 218 विरुद्ध 208 आणि सिनेटमध्ये 51 विरुद्ध 46 मतांनी संमत झाले, 1 मे रोजी बुश यांनी त्यावर नकाराधिकार वापरला, आणि दुसऱ्या दिवशी तो उलटवण्याचा प्रयत्न 222 विरुद्ध 203 मतांवर थांबला, कारण त्यासाठी दोन तृतीयांश मते लागतात. पैसा अडकला तो या टप्प्यावर. तेव्हा ‘काँग्रेसने निधी रोखला’ असे लिहिणे म्हणजे बुश यांच्या बाजूचा आरोप आपल्या तोंडून वदवणे होय.

खरोखर निधी तोडल्याचे उदाहरण हवे असेल, तर ते 1973 सालचे आहे. कंबोडिया, लाओस आणि व्हिएतनाम येथील लढाईवर 15 ऑगस्ट 1973 नंतर एक डॉलरही खर्च करता येणार नाही, असे काँग्रेसने कायद्यात लिहिले होते. (तारीख आपल्याला ओळखीची आहे, हा निव्वळ योगायोग.) तिथे ‘निधी तोडला’ म्हणावे, 2007 साठी ‘तारखा घालून तरतूद मंजूर केली’ एवढेच म्हणता येते.

आता ‘मुदत’. हा अरबीतून आलेला शब्द मराठीत दोन कामे करतो : तो काळाची लांबीही सांगतो (ठेवीची मुदत पाच वर्षे) आणि त्या काळाचे शेवटचे टोकही सांगतो (मुदत टळून गेली). बँकेच्या खिडकीवर त्यामुळे कुणाचे अडत नाही, पण या विधेयकात मात्र अडते. प्रतिनिधिगृहाच्या मूळ मसुद्यात ऑगस्ट 2008 अखेरपर्यंत लढाऊ तुकड्या बाहेर काढण्याचे बंधन होते, आणि त्याला निःसंकोच ‘मुदत’ म्हणावे. सिनेटच्या मसुद्यात 31 मार्च 2008 ही तारीख होती, पण केवळ उद्दिष्ट म्हणून. दोन्ही सभागृहांची तडजोड झाल्यावर उरले ते असे : इराक सरकारची प्रगती होत असल्याचे अध्यक्षांना प्रमाणित करता आले नाही, तर सैन्य परत आणण्यास 1 जुलै 2007 पर्यंत सुरुवात, ते प्रमाणित झाले तर 1 ऑक्टोबरपर्यंत, आणि सुरुवातीनंतर 180 दिवसांत काम संपवण्याचे उद्दिष्ट. म्हणजे बंधन होते ते आरंभाच्या तारखेला, शेवटच्या तारखेला नव्हे. आपल्या मराठी कानाला ‘मुदत’ म्हटले की शेवटची तारीख ऐकू येते, आणि वाचक नेमका उलटा अर्थ घेऊन उठतो. शिवाय दूतावासाचे रक्षण, दहशतवादविरोधी कारवाया आणि इराकी सैन्याचे प्रशिक्षण यांसाठी काही सैनिक तिथेच राहणार होते. त्यामुळे ‘संपूर्ण’ हे विशेषणही त्यापुढे लावता येत नाही.

माझी सूचना अशी की आरंभासाठी ‘बंधनकारक तारीख’, शेवटासाठी ‘उद्दिष्टाची तारीख’ आणि दोन्हींना मिळून ‘कालक्रम’ असे तीन शब्द वेगळे ठेवावेत. ‘वेळापत्रक’ मला इथे चालत नाही. त्यात गाड्यांच्या वेळांची ठाम खात्री आहे, जी या कागदात कुठेच नव्हती.

दुसरा प्रतिसाद

वरील विवेचनाशी मी सहमत आहे. फक्त ‘माघार’ राहिली, आणि खरा वाद तिथेच आहे.

गावाकडच्या बोलण्यात ‘तो बाजारातून माघारी आला’ यात हार-जीत काहीच नसते. परंतु ‘सैन्याने माघार घेतली’ म्हटले की पराभवाची सावली पडतेच. निवडणुकीच्या बातमीतही ‘अमुक उमेदवाराची माघार’ हे शब्द वाचताना आपण मनात कारण शोधू लागतो. अमेरिकेत डेमोक्रॅट सदस्य हा वास टाळण्यासाठी ‘रिडिप्लॉयमेंट’ म्हणत, ज्याला मराठीत ‘फेरतैनाती’ म्हणता येईल. रिपब्लिकन मात्र त्यालाच शेपूट घालणे ठरवत. दोन्ही बाजूंनी शब्द आधी निवडला होता आणि युक्तिवाद मागाहून आला होता. टिपण लिहिणाऱ्याने स्वतःच्या निवेदनात ‘सैन्य परत आणणे’ किंवा ‘काढून घेणे’ असे साधे क्रियापद वापरावे, आणि ‘माघार’ हा शब्द या तारखांना विरोध करणाऱ्यांच्या तोंडी असेल तेव्हाच ठेवावा. ‘सैन्यवापसी’ हिंदी बातम्यांतून आपल्याकडे आली आहे. ती चुकीची नाही, पण मला ती ‘घरवापसी’ची धाकटी बहीण वाटते, म्हणून मी टाळतो.

त्याच कारणासाठी ‘रसद तोडली’ हे वाक्यही विद्यार्थ्यांपासून दूर ठेवावे. मराठी माणसाला रसद म्हटली की पानिपत आठवते. भाऊसाहेबांची रसद अब्दालीने तोडली, म्हणजे रसद तोडणारा तो शत्रूच, हे आपल्या भाषेत पक्के बसले आहे. स्वतःच्या संसदेला ते क्रियापद लावले की फितुरीचा आरोप होतो. ‘आर्थिक नाड्या आवळणे’ त्यापेक्षा बरे, कारण नाड्या घरच्याच माणसाच्या हातात असतात.

आणखी एक बारीक गोष्ट. विधिमंडळाच्या सवयीने आपण ‘पुरवणी मागण्या’ लिहाल, पण तसे करू नये. आपल्याकडे मागणी शासन मांडते, सभागृह ती कमी करू शकते किंवा नाकारू शकते, वाढवू शकत नाही. आणि ती नाकारली गेली तर सरकारलाच जावे लागते. अमेरिकेत अध्यक्ष रक्कम मागतात खरे, पण विधेयक काँग्रेसच लिहिते, वाढवते, त्यात तारखा घुसवते, आणि ते पडले तरी अध्यक्ष खुर्चीवरच असतात. म्हणून ‘पुरवणी तरतूद विधेयक’ म्हणावे.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचीही आभारी आहे. वाक्य आता असे केले आहे : ‘काँग्रेसने मागणीपेक्षा अधिक तरतूद मंजूर केली, मात्र सैन्य परत आणण्यास सुरुवात करण्याची तारीख त्यात बंधनकारक केली, आणि काम पूर्ण होण्याची तारीख उद्दिष्ट म्हणून नमूद केली.’ लांबले आहे, पण खरे आहे. ‘बेंचमार्क’साठी काय लिहावे, एवढेच राहिले.

पहिला प्रतिसादक

‘निकष’. 25 मे 2007 रोजी बुश यांनी तारखा गाळलेले विधेयक स्वाक्षरी करून मान्य केले, त्यात इराक सरकारसाठी असे 18 निकष होते; तेलाच्या उत्पन्नाच्या वाटणीचा कायदा हा त्यांतला एक. ‘अटी’ लिहू नये, कारण अट मोडली की काहीतरी घडावे लागते, आणि इथे निकष पुरे झाले नाहीत तरी एकाही सैनिकाला परत आणण्याचे बंधन नव्हते.

‘मुदत’ हा शब्द मात्र टाकून देऊ नका, तो पुढे लागेल. नोव्हेंबर 2008 मध्ये बुश यांच्याच सरकारने इराकशी करार केला, ज्यात शहरांतून 30 जून 2009 पर्यंत आणि देशातून 31 डिसेंबर 2011 पर्यंत सर्व सैन्य काढून घ्यायचे ठरले, आणि कराराच्या नावातच सैन्य काढून घेण्याचा उल्लेख होता. ती खरोखरच मुदत होती; शेवटची तुकडी 18 डिसेंबर 2011 रोजी कुवेतमध्ये पोहोचली.