मदत हवी आहे: आईची थेट अँजिओग्राफी करावी की आधी सीटी?

नमस्कार मंडळी. आम्ही गोव्यातल्या साखळीचे. आई ६१ वर्षांची, मधुमेह जुना, बीपीची गोळी चालू. पावसाळ्यापासून तिच्या छातीत दुखतंय. दुखणं डावीकडे, कधी जिना चढताना, तर कधी नुसती भाजी चिरत बसलेली असतानाही. तळहात छातीवर दाबून म्हणते, "गॅसच असेल रे." अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांनी काडीचा फरक नाही.

ईसीजी, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी) सगळं नॉर्मल. ट्रेडमिलवर चालवून केलेल्या तपासणीचा मात्र रिपोर्ट 'संशयास्पद' आला. म्हापशातले एक डॉक्टर म्हणतात, मधुमेह आहे, थांबू नका, मनगटातून नळी घालून अँजिओग्राफी (हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी) करून टाका. दुसरे म्हणतात, बायकांमध्ये ट्रेडमिल बऱ्याचदा खोटी पॉझिटिव्ह येते, आधी सीटी अँजिओग्राफी (नळी न घालता, स्कॅनवर) करा. पहिल्यांनी कागदावर सही मागितली, पण धोका काय, विचारल्यावर घड्याळ बघितलं. तिथेच माझं मन उडालं, खरं सांगतो.

तिचं क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) १.४ आहे, थोडं जास्तच. रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून टोचतात तो डाय दोन्हीकडे लागतो, मग किडनीचं काय? सीटीत ब्लॉक दिसला तर शेवटी नळीवाल्या अँजिओग्राफीसाठी कॅथलॅबमध्ये जावंच लागेल ना? म्हणजे डाय दोनदा. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी कुणाला बंद ठेवायला सांगितलं होतं का?

गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेज) बांबोळीला दुसरं मत घ्यायचा विचार आहे. ओपीडीला जाताना कुठले कागद न्यावेत? गोवा सरकारच्या दीनदयाळ आरोग्य विमा कार्डावर सीटी बसते का? अनुभव असलेल्यांनीच सांगा, घरगुती काढे नकोत. दुखणं वाढलं, घाम सुटला तर १०८ लावायची, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय.