मदत हवी आहे: मार्सेलिसमध्ये एका दिवसात काय पाहावे?

घाईत_पुणेकर: येत्या महिन्यात आम्ही मार्सेलिसला उतरणार आहोत आणि हाताशी एकच दिवस आहे. बंदराजवळचे किल्ले, टेकडीवरचे चर्च, बेटावरचा तुरुंग आणि नवे संग्रहालय यांपैकी काय ठेवावे व काय गाळावे, हे याद्या वाचून अधिकच कळेनासे झाले आहे. आईची अट एकच आहे: 'ती' जागा पाहायचीच. कृपया लवकर सांगावे, तिकिटे आजच काढायची आहेत.

दर्यावर्दी: वार कोणता, माणसे किती आणि कोणत्या वयाची, मुक्काम कुठे, यातले काहीही आपण लिहिलेले नाही. 'ती' जागा म्हणजे कोणती?

पायपीट: शहर सोडा आणि कलांकला जा. चुनखडीच्या उभ्या कड्यांमध्ये शिरलेल्या या समुद्राच्या चिंचोळ्या खाड्या 2012 पासून राष्ट्रीय उद्यानात आहेत. मी सुजितोंपर्यंत चालत गेलो होतो. तसे पाणी मी आजवर दुसरीकडे पाहिलेले नाही.

शुद्धलेखनवाला: उच्चार 'मार्सेय' असा आहे. मराठीतले 'मार्सेलिस' इंग्रजीमार्गे आलेले आहे.

घाईत_पुणेकर: 'ती' जागा कोणती, हे मराठी माणसाला सांगावे लागेल असे वाटले नव्हते. सावरकरांनी 8 जुलै 1910 रोजी मोरिया बोटीच्या खिडकीतून जिथे उडी मारली, ती जागा. आईच्या शाळेत हा धडा 'मार्सेलिस' याच नावाने शिकवला होता, तेव्हा तेच राहू द्यावे.

दर्यावर्दी: मग एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पर्यटक ज्याला मार्सेलिसचे बंदर समजतात ते जुने बंदर, म्हणजे व्ह्यू पोर, आज नौकाविहाराच्या होड्यांनी भरलेले असते. मोठ्या आगबोटींसाठी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात उत्तरेला जोलिएतचे धक्के बांधले गेले. आईंना जुन्या बंदराच्या कठड्यावर उभे करून 'हीच ती जागा' असे सांगू नये.

इतिहासप्रेमी: उडीइतकेच महत्त्व पुढच्या खटल्याला आहे. फ्रेंच भूमीवर पकडलेल्या माणसाला परत इंग्रजांच्या हवाली करणे योग्य होते का, हा प्रश्न हेगच्या लवादापुढे गेला आणि 24 फेब्रुवारी 1911 रोजी निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. तिथवर जाताच आहात तर माझार्गची युद्धस्मशानभूमीही पाहावी. पहिल्या महायुद्धात 1914 साली याच बंदरात उतरलेल्या हिंदी सैन्याची आठवण तिथे जपली आहे.

दर्यावर्दी: त्यांनी स्मशानभूमी विचारलेली नाही. वार कोणता, हे अजूनही कळलेले नाही.

घाईत_पुणेकर: मंगळवार. आम्ही क्रूझने येत आहोत, सकाळी नऊला उतरून संध्याकाळी पाचला परत. आई बहात्तर वर्षांची आहे आणि तिचे गुडघे दुखतात. हे आधी लिहायला हवे होते.

पायपीट: मग कलांक बोटीतून पाहावेत.

दर्यावर्दी: त्यात अर्धा दिवस जाईल. क्रूझचा धक्का जुन्या बंदरापासून बराच लांब आहे, त्यामुळे येण्याजाण्याचा वेळ आधीच वजा करावा. नवे संग्रहालय, म्हणजे म्यूसेम, मंगळवारी बंद असते, तेव्हा तो प्रश्न आपोआप मिटला. त्याची काँक्रीटची काळी जाळी बाहेरूनच पाहावी. सकाळी लवकर जुन्या बंदरावर पोहोचलात तर कोळ्यांची मासळी विकायला मांडलेली दिसेल. तिथून टेकडीवरच्या नोत्र-दाम द ला गार्दला 60 क्रमांकाची बस जाते, पण थांब्यापासून पुढेही पायऱ्या आहेत. त्या सावकाश चढाव्यात. आत छतापासून लहान लहान होड्या टांगलेल्या आहेत. वादळातून वाचलेल्या खलाशांनी आणि त्यांच्या घरच्यांनी अर्पण केलेल्या त्या नवसाच्या होड्या आहेत, आणि आपल्याकडच्या देवळांत वावरलेल्या माणसाला त्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. बाहेरच्या कठड्यावरून दातेरी किनारा, इफचा बेटावरचा तुरुंग आणि उत्तरेचे सगळे धक्के एका नजरेत येतात. आईंना 'ती' जागा तिथूनच दाखवावी.

घाईत_पुणेकर: हे पटले. इफचे तिकीट काढू का?

दर्यावर्दी: काढू नये. मिस्त्राल वारा सुटला की त्या बोटी रद्द होतात, आणि तिथेही पायऱ्याच आहेत. त्याऐवजी नगरपालिकेच्या इमारतीसमोरून जुने बंदर ओलांडणारी छोटी फेरी घ्यावी. काही मिनिटांचाच प्रवास आहे, पण आईंना मार्सेलिसच्या पाण्यावरून गेल्याचे समाधान मिळेल.

पायपीट: बंदरातले पाणी म्हणजे समुद्र नव्हे, एवढे नोंदवून थांबतो.